हॉट व्हील्सची जुनी सी-६४ डिस्क लोड होत नाहीये? डबा स्वस्तात काढून टाकण्याआधी हे बघा

हॉट व्हील्सचा कमोडोर ६४ (सी-६४, ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर) वरचा जुना गेम, एपिक्स कंपनीने १९८४ ला मॅटेलच्या परवान्याने काढलेला, तो हाती लागला की थोड्याफार फरकाने एकच रडगाणं सुरू होतं. लोड व्हायला लागतो, ड्राइव्ह खडखडतो, लाल दिवा लुकलुकायला लागतो आणि मग काहीच नाही. कुणाचा पहिल्यांदा नीट चालतो आणि तासाभराने परत लावला की अडकतो, कुणाचा विकणाऱ्याकडे चालत होता (व्हिडिओ पण आलेला असतो) आणि इकडे आल्यावर मेला. मग माणूस एकतर विकणाऱ्याशी भांडतो नाहीतर डिस्क गेली असं समजून अख्खा डबा पडेल त्या भावाला देऊन मोकळा होतो. दोन्ही घाईचं काम आहे, कारण "लोड होत नाही" हे निदान नाही, ते नुसतं लक्षण आहे, आणि दोष डिस्कमध्ये आहे की ड्राइव्हमध्ये की पॉवरमध्ये की मशीन पाल (PAL, युरोपातली आणि आपल्याकडची टीव्ही सिग्नलची पद्धत, अमेरिकेतली ती एनटीएससी) आहे म्हणून, यावर त्या वस्तूची किंमत बरीच वरखाली होते.

ज्यांना गाड्या माहितीयत पण हा गेम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्याकडे लिओ मॅटेलच्या भारतीय हॉट व्हील्स गोळा करणारे बरेच आहेत, त्यातलेच काही पुढे या डब्याकडे वळतात, कारण डब्यावर तोच ज्वाळांचा लोगो आहे आणि शेल्फवर गाड्यांच्या मागे झकास दिसतो. एपिक्सने तेव्हा खेळण्यांच्या ब्रँडवर लहान मुलांसाठी एक मालिका काढली होती, बार्बी, जी.आय. जो आणि हा. यात रेस जिंकायची वगैरे भानगड नाही, गाडी निवडा नाहीतर स्वतः जोडून बनवा, गावातून फिरवा, धुवा, पेट्रोल भरा, आग विझवायला जा, गाड्या आपटायच्या असतील तर तेही करा. हे आधी सांगायचं कारण म्हणजे "गेम पुढेच सरकत नाही, अडकलाय" म्हणून ज्या तक्रारी असतात त्यातल्या काहींमध्ये काहीही अडकलेलं नसतं, पुढे जायला लेव्हलच नाहीये. आणि गाडी हलतच नसेल तर जॉयस्टिक दुसऱ्या पोर्टमध्ये लावून बघा. सी-६४ मध्ये पोर्ट १ च्या तारा कीबोर्डशी जोडलेल्या असतात, त्यामुळे बेसिकच्या (मशीन चालू केल्यावर दिसणाऱ्या) स्क्रीनवर असताना त्यात जॉयस्टिक हलवली की आपोआप काहीबाही अक्षरं उमटतात, तो बिघाड नाही.

आता मुख्य काम. एक नियम पक्का धरा, महागाची डिस्क ड्राइव्हमध्ये सगळ्यात शेवटी जाते. नवीन आणलेली वस्तू लगेच लावून बघायचा मोह होतोच, पण चाळीस वर्षांचा ड्राइव्ह आणि चाळीस वर्षांची डिस्क एकमेकांना पहिल्यांदा भेटवताना दोघांपैकी एकजण तरी निरोगी आहे याची खात्री पाहिजे.

पॉवरपासून सुरू करा. सी-६४ चा मूळ पॉवर सप्लाय, ती जड वीट, आतून रेझिन ओतून बंद केलेली असते म्हणून दुरुस्त करायची सोय नाही, आणि तिची वाईट खोड अशी की आतला ५ व्होल्टचा रेग्युलेटर म्हातारा झाला की व्होल्टेज कमी होण्याऐवजी वाढू शकतं आणि मग रॅमच्या चिपा जातात. मल्टीमीटरने ५ व्होल्टची लाइन मोजा, सव्वापाचच्या वर जात असेल तर ती वीट परत लावायचीच नाही, आता नव्याने बनवलेले सप्लाय मिळतात ते घ्या. विटेतून ५ व्होल्ट डीसी आणि ९ व्होल्ट एसी असं दोन्ही येतं त्यामुळे मोबाइलचा चार्जर कापून जोडायचे उद्योग करू नका. अमेरिकेहून कुणी नातेवाइकांनी बॅगेत घालून आणलेलं मशीन असेल तर ते ११०-१२० व्होल्टचं आहे, आपल्या २३० च्या प्लगमध्ये थेट घातलं तर विषय संपला. मशीनला आणि ड्राइव्हला दोघांनाही स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, लॅमिंग्टन रोडला नाहीतर पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत मिळून जाईल. जुन्या १५४१ ड्राइव्हचा (कमोडोरचाच फ्लॉपी ड्राइव्ह) ट्रान्सफॉर्मर पोटातच असतो हे विसरायला होतं, लोक सी-६४ ला स्टेपडाउन लावतात आणि ड्राइव्हची वायर सरळ भिंतीत घालतात.

मग ड्राइव्ह, पण डिस्कशिवाय. चालू केल्यावर लाल दिवा लागतो, मोटर थोडी फिरते आणि दिवा विझतो, इतकं झालं की ड्राइव्हचा मेंदू शाबूत आहे. लाल दिवा विझतच नसेल आणि मोटर फिरतच राहत असेल तर बहुतेक आतल्या एखाद्या चिपचं दुखणं आहे, डिस्कला हात लावू नका. स्क्रीनवर "डिव्हाइस नॉट प्रेझेंट" येत असेल तर नव्वद टक्के वेळा केबल. त्याच केबलच्या साखळीत बंद प्रिंटर नाहीतर दुसरा बंद ड्राइव्ह जोडलेला असेल तर तो काढा, सगळी लाइन धरून बसतो तो. मागच्या स्लॉटमध्ये फास्टलोड (लोडिंग वेगाने करणारं) किंवा दुसरं कुठलं कार्ट्रिज असेल तर तेही काढून ठेवा, जुन्या ओरिजिनल डिस्का स्वतःचा लोडर (गेम मशीनमध्ये चढवणारा छोटा प्रोग्रॅम) घेऊन येतात आणि कार्ट्रिजचं आणि त्यांचं पटतंच असं नाही. (फास्टलोड कार्ट्रिज पण एपिक्सचंच, तरीही.)

आता तुमची कुठली तरी बिनकिमतीची डिस्क घ्या, तिच्यावर त्याच ड्राइव्हमध्ये फॉरमॅट मारा, चार ओळींचा प्रोग्रॅम सेव्ह करा, परत वाचा. हे जमलं की मग दुसऱ्या कुणाच्या ड्राइव्हवर लिहिलेली एखादी साधी डिस्क वाचून बघा. या दोन टेस्टमध्ये निम्मं उत्तर आहे. स्वतः लिहिलेलं वाचतो पण बाहेरचं काहीच वाचत नाही, असं असेल तर हेडची (डिस्क वाचणारा भाग) अलाइनमेंट, म्हणजे त्याचं नेमक्या जागेवर बसणं, सरकलीये, तुमची हॉट व्हील्स डिस्क कदाचित ठणठणीत आहे. दोन्ही वाचत नसेल तर आधी हेड साफ करा. दोन्ही छान वाचतो आणि फक्त हॉट व्हील्स अडकते, तर मग डिस्ककडे वळायचं.

अलाइनमेंट का सरकते हे समजून घ्यायला हवं कारण या गेमसारख्या ओरिजिनल डिस्कांशीच त्याचा संबंध आहे. १५४१ ला आपलं हेड कुठल्या ट्रॅकवर (डिस्कवरची गोल पट्टी) आहे हे सांगणारा शून्य ट्रॅकचा सेन्सर नाही. गोंधळ झाला की तो हेड पूर्ण मागे नेऊन थांब्यावर आपटतो, तोच तो मशीनगनसारखा खडखडाट. आणि त्या काळी कॉपी होऊ नये म्हणून कंपन्या डिस्कवर मुद्दाम खराब सेक्टर (ट्रॅकचा तुकडा) ठेवायच्या, प्रोग्रॅम तो सेक्टर वाचायला जायचा, एरर आली तर डिस्क ओरिजिनल, नाही आली तर नक्कल. म्हणजे एरर येणं हीच पास व्हायची खूण. त्यामुळे १९८४ च्या आसपासच्या अमेरिकन डिस्का लोड होताना खडखडल्या तर लगेच घाबरायचं कारण नाही, खडखडून पुढे सरकली की झालं. पण हे आपटणं वर्षानुवर्षं चाललं की स्टेपर मोटरवरची (हेड पुढेमागे सरकवणारी मोटर) पुली दांड्यावर किंचित सरकते नाहीतर थांबा हलतो, आणि अलाइनमेंट गेली. जुन्या ड्राइव्हना हे जास्त होतं.

अलाइनमेंट घरी करता येते, स्टेपर मोटरचे दोन स्क्रू सैल करून मोटर केसभर फिरवायची आणि टेस्ट प्रोग्रॅमवर बघत बघत घट्ट करायचे. पण वरच्या दोन टेस्टनी सिद्ध झाल्याशिवाय त्या स्क्रूंना हात लावू नका, आणि लावण्याआधी त्या ड्राइव्हवर लिहिलेल्या तुमच्या जुन्या डिस्कांची कॉपी करून ठेवा, कारण ड्राइव्ह जगाशी सरळ झाला की स्वतःच्याच वाकड्या काळात लिहिलेलं त्याला वाचता येणार नाही. स्पीड पण बघून घ्या, मिनिटाला ३०० फेरे पाहिजेत.

"पहिल्यांदा चालतो मग अडकतो" वाल्यांसाठी: जुना १५४१ तापतो, भयंकर तापतो. ट्रान्सफॉर्मर आणि रेग्युलेटर सगळे त्याच बंद डब्यात. गार असताना काठावर पास होणारी अलाइनमेंट तापल्यावर नापास होते, आपल्या एप्रिल-मेमध्ये तर बोलायलाच नको. ड्राइव्हवर सी-६४ किंवा टीव्ही ठेवू नका, झाकण काढून (मेन्सच्या वायरीपासून हात लांब ठेवून) छोटा पंखा मारून तोच प्रयोग परत करा. पंख्याने फरक पडला तर डिस्क निर्दोष आहे.

एरर आली की अंदाज बांधत बसण्यापेक्षा ड्राइव्हलाच विचारा. लाल दिवा लुकलुकतो तेव्हा ड्राइव्हने एक नंबर तयार ठेवलेला असतो, तो एरर चॅनल १५ वरून वाचायचा चार ओळींचा प्रोग्रॅम ड्राइव्हच्या मॅन्युअलमध्ये असतो. हा प्रोग्रॅम एरर आल्यावर टाइप करा, कारण काही लोड केलं की मशीनमधला आधीचा प्रोग्रॅम पुसला जातो; म्हणून गेमचा लोडर मशीनचा ताबा घेण्याआधी, म्हणजे नुसती डिरेक्टरी (डिस्कवरच्या फाइलींची यादी) लोड करताना एरर येते का ते बघा. ७३ आला तर ती एरर नव्हे, ड्राइव्ह नुकताच चालू झाल्याचा रामराम आहे. ६२ म्हणजे फाइल सापडली नाही, डिस्क उलटी घातलीये का बघा. ७४ म्हणजे ड्राइव्ह रेडी नाही, बहुतेक डिस्क नीट बसलेली नाही. २१ म्हणजे ड्राइव्हला डिस्कवर सिग्नलच दिसत नाहीये, हेड घाण असेल, अलाइनमेंट असेल किंवा डिस्क पुसली गेली असेल. २३ आणि २७ या चेकसमच्या एरर, म्हणजे वाचता येतंय पण चुकीचं येतंय, यात डिस्कचा पृष्ठभाग खराब असण्याची शक्यता वाढते. डिरेक्टरी मधल्या १८ नंबरच्या ट्रॅकवर असते, त्यामुळे डिरेक्टरी दिसते पण गेम अडकतो याचा अर्थ मधला भाग ठीक आणि कडेकडचे ट्रॅक वाचताना त्रास, असा निघू शकतो.

आता डिस्क, आणि आपल्या हवेचा खरा शत्रू, बुरशी. मुंबईत, कोकणात, गोव्यात चार पावसाळे काढलेली सव्वापाच इंची फ्लॉपी बघितल्याशिवाय ड्राइव्हमध्ये घालायचीच नाही. बघायचं कुठे हे महत्त्वाचं. १५४१ चं हेड खालच्या बाजूने वाचतं, वरून फक्त फेल्टचा पॅड दाबतो. म्हणजे लेबलवाली बाजू लखलखीत असून उपयोग नाही, डिस्क उलटी करून खालच्या खिडकीतून बघा, मधलं भोक बोटांनी हळूहळू फिरवत, टॉर्च तिरका धरून. पांढुरके ठिपके, धुरकट डाग, गोल ओरखडे. ओरखडा म्हणजे तिथला ऑक्साइडचा थर गेला, तो परत येत नाही. ठिपके धुता येतात. ठिपकेवाली डिस्क तशीच चालवली तर बुरशी हेडला चिकटते आणि नंतर जी जी डिस्क घालाल तिला खरवडते, एक नासका आंबा अख्खी आढी नासवतो तसं. विकणाऱ्याने पाचसहा डिस्का एकापाठोपाठ एक "टेस्ट" केल्या असतील तर पहिली कुठली होती हे विचारायला हरकत नाही.

हेड साफ करायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी, हलक्या हाताने, ब्राउन रंग येणं थांबेपर्यंत. वरच्या फेल्टवर अल्कोहोल ओतू नका, कोरडा ब्रश पुरे.

डिस्क धुणं हे मात्र विचार करून. नीट धुवायची तर बाहेरच्या काळ्या जॅकेटची एक कड कापून आतली चकती बाहेर काढावी लागते, डिस्टिल्ड वॉटर आणि भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब नाहीतर अल्कोहोल, मऊ कापड, पूर्ण वाळवणं, आणि मग दुसऱ्या साध्या फ्लॉपीच्या कापलेल्या जॅकेटमध्ये घालून वाचणं. काम झालं की चकती परत मूळ जॅकेटमध्ये. हे करताना जॅकेटला कापल्याची खूण राहतेच आणि संग्राहकाला ती दिसतेच. माझं मत सांगतो, नुसती सुटी डिस्क असेल तर बिनधास्त कापा, डेटा वाचला हाच फायदा. पण डबा-मॅन्युअल-डिस्क सगळं पूर्ण आणि देखणं असेल, तर ठिपके थोडे असताना आधी खिडकीतूनच ओल्या काडीने थोडं थोडं फिरवत पुसून बघा, जमलं नाही तर तशीच राहू द्या. गेम खेळायला सी-६४ चा एम्युलेटर (आजच्या कॉम्प्युटरवर सी-६४ ची नक्कल करणारा प्रोग्रॅम) आहे, कापलेलं जॅकेट मात्र कायमचं कापलेलं.

आणि एकदा जरी नीट वाचली गेली तर त्याच दिवशी इमेज (डिस्कची फाइलच्या रूपातली नक्कल) काढून घ्या. झूमफ्लॉपी, ग्रीसवीझल, क्रायोफ्लक्स या डिस्क आजच्या कॉम्प्युटरवर वाचायच्या उपकरणांपैकी काहीही चालेल, पण साध्या डी६४ फॉरमॅटमध्ये काढून समाधान मानू नका, त्यात मुद्दामच्या खराब सेक्टरचं संरक्षण सहसा नीट येत नाही आणि मग इमेज चालत नाही म्हणून परत डिस्कवरच संशय. जी६४ किंवा निबल फॉरमॅटमध्ये काढा. हीच गोष्ट एसडी कार्डवाल्या उपकरणांची. एसडी२आयईसी स्वस्त आहे आणि छान आहे पण तो १५४१ ची हुबेहूब नक्कल करत नाही, स्वतःचा लोडर किंवा कॉपी प्रोटेक्शन असलेल्या डिस्का त्यावर अडकतात. पाय१५४१ किंवा अल्टिमेट-२ प्लस वर त्याच इमेज चालतात. "इमेज पण चालत नाही म्हणजे गेमच करप्ट" असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी आधी कशावर चालवतोय ते बघावं.

राहिला पाल-एनटीएससीचा घोळ. "विकणाऱ्याकडे चालत होता" याचं हे एक अगदी साधं उत्तर असू शकतं. हा गेम अमेरिकन बाजाराचा. तुमचं मशीन इंग्लंड-जर्मनीहून आलेलं पाल असेल तर त्याचा प्रोसेसर ०.९८५ मेगाहर्ट्झवर चालतो आणि अमेरिकन एनटीएससी मशीनचा १.०२३ वर, स्क्रीनच्या ओळीही ३१२ विरुद्ध २६३. फरक किरकोळ वाटतो, पण ड्राइव्ह आणि मशीन यांच्यात घड्याळ मोजून बिट पाठवणारा लोडर असेल तर तेवढ्यानेच साखळी तुटते. ताबडतोब ठरवायचं असेल तर एम्युलेटरमध्ये तुमच्या डिस्कची इमेज आधी एनटीएससी आणि मग पाल सेटिंगवर चालवा. एकावर चालली आणि दुसऱ्यावर नाही तर भांडणाचा मुद्दाच संपला, दोघंही खरं बोलत होते. उलट्या बाजूने, अमेरिकन मशीन आपल्या जुन्या टीव्हीवर लावून चित्र काळंपांढरं किंवा फिरतं दिसत असेल तर तोही गेमचा दोष नाही, टीव्हीला एनटीएससी कळत नाहीये.

आता भाव. इथे लोक सगळ्यात जास्त फसतात ते "रेअर" आणि मागितलेली किंमत बघून. मागायला कुणीही काहीही मागतं, खरोखर विकल्या गेलेल्या वस्तूंचा फिल्टर लावून बघा, आणि त्यातलीही एखादी अचाट रक्कम सोडून द्या, दोन हट्टी लोक एकाच वेळी भिडले की असं होतं. शिवाय तुलना सारख्याशी सारखी करा: सुटी डिस्क, डबा पण मॅन्युअल नाही, सगळं पूर्ण, आणि सीलबंद, हे चार वेगळे बाजार आहेत. या गेमची गंमत अशी की त्याला दोन जातीचं गिऱ्हाईक आहे. कमोडोरवाला डिस्क चालते का विचारतो, गाड्यावाला डब्याचे कोपरे आणि लोगोचा रंग विचारतो, डिस्कचं त्याला फारसं पडलेलं नसतं कारण त्याच्याकडे लावायला मशीनच नाही. त्यामुळे डबा उत्तम आणि डिस्क मेलेली, अशी वस्तू कमोडोरवाल्यांच्यात कवडीमोल ठरेल पण गाड्यावाल्यांच्यात नाही, आणि डबा चेपलेला पण डिस्क धडधडीत चालणारी असेल तर नेमकं उलट.

विकत घेताना "अनटेस्टेड" लिहिलंय म्हणून विकणारा चोर आहे असं नाही, बहुतेकांकडे खरंच ड्राइव्ह नसतो. पण किंमत ती डिस्क चालत नाही असं धरूनच लावा, चाललीच तर वरकमाई. फोटो मागताना डिस्कच्या खालच्या खिडकीचा तिरक्या उजेडातला मागा, मॅन्युअलची पानं मागा, डब्याच्या आतल्या बाजूचा मागा कारण ओल आधी तिथे दिसते. सीलबंद म्हणत असतील तर प्लॅस्टिकच्या शिवणी आणि कोपरे जवळून बघा, घरगुती श्रिंक मशीन काही महाग नाही. खरी सीलबंद असेल तर डिस्क चालते का बघायला सील फोडणारे पण आहेत, त्यांना काय बोलणार. शिपिंग आणि कस्टम धरून हिशोब केला तर कित्येकदा सुट्या डिस्कवर डिस्कपेक्षा जास्त खर्च पोस्टाचाच होतो, म्हणून सुटी डिस्क एकटी मागवू नका, दुसऱ्या कशाबरोबर तरी मागवा. आल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा आणि ते जेल पावसाळ्याआधी बदला, नुसतं घट्ट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं तर ओल आत कोंडून राहते.

विकताना जाहिरातीत "वर्किंग" एवढंच लिहू नका. कुठलं मशीन, पाल की एनटीएससी, कुठला ड्राइव्ह, कार्ट्रिज लावलं होतं का, गाडी बनवायच्या स्क्रीनपर्यंत गेला का नुसतं टायटल दिसलं, खालच्या खिडकीचा फोटो, आणि अडकत असेल तर एररचा नंबर. "एनटीएससी सी-६४, १५४१, २३ एरर, डिस्कवर दोन ठिपके, जॅकेट न कापलेलं" असं लिहिलेल्या न चालणाऱ्या डिस्कसाठी मी "टेस्टेड वर्किंग, नो रिटर्न" पेक्षा जास्त पैसे देईन.